मंगळवारची पडताळणी

प्राध्यापकाची निवड मुलाखतीच्या दिवशी होते असं उमेदवारांना वाटतं. निवड समितीलाही तसंच वाटतं, आणि मी कुणाचाच गैरसमज कधी दूर केला नाही. खरं म्हणजे निम्मं काम त्याच्या पंधरा दिवस आधीच आस्थापना शाखेत, माझ्या टेबलावर उरकलेलं असायचं. त्याला छाननी म्हणतात. अर्ज उघडायचा, प्रत्येक झेरॉक्स मूळ कागदाशी ताडून पाहायची, अनुभवाचा दाखला खरा की घरी बसून तयार केलेला हे बघायचं, आणि शेवटी वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं एक शब्द लिहायचा : पात्र किंवा अपात्र. या एका शब्दासाठी लोकांनी माझ्या घरी पेढ्यांचे डबे आणले. एकानं तर माझ्या सासऱ्यांचा शाळेतला वर्गमित्र शोधून काढून माझ्यासमोर उभा केला. पेढे मी परत केले. वर्गमित्राला चहा पाजला, त्याची तब्येत विचारली आणि उमेदवाराला अपात्र केलं.

विद्यापीठाच्या वाशीमच्या केंद्रात मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. मधल्या काळात मी कुणावरही पहिल्या भेटीत विश्वास ठेवला नाही. हा स्वभाव मूळचा की नोकरीनं लावलेला, सांगता येत नाही. आमचं घर भाजीपाला पिकवणाऱ्यांचं, वावर गावाला लागूनच. बाजारात दुसऱ्याची टोपली घ्यायची झाली की माझा बाप आधी कोपरापर्यंत हात तळाशी घालायचा. "वरचं वांगं कोनाचंबी चांगलंच असते," म्हणायचा. मी कागदांच्या बाबतीत तेच केलं, एवढंच.

एकानं सात वर्षांच्या अनुभवाचा दाखला आणला होता. कागद जाडजूड, शिक्का गोल, सही झोकदार. दाखल्यावरची तारीख मात्र अशा काळातली, की तेव्हा आमच्या जिल्ह्यात मोबाइलचा टॉवर कुणी पाहिलाही नव्हता, आणि वरच्या बाजूला कॉलेजचा दहा आकडी मोबाइल नंबर छापलेला. मी त्याच्यासमोर बोट ठेवलं. तो गडी बिचकला नाही. म्हणाला, "सायेब, आमचे प्राचार्य पहिलेपासूनच लय पुढचं पाहत." मी त्यालाही चहा पाजला.

हे किस्से मी निवृत्तीच्या समारंभात रंगवून सांगितले. एक सांगितला नाही. एका बाईंच्या कागदांवर तीन ठिकाणी तीन आडनावं होती. मला वाटलं, गोम आहे. त्यांना तीन वेळा तहसीलच्या चकरा मारायला लावल्या. माहेरचं नाव, सासरचं नाव, मग घटस्फोटानंतर पुन्हा माहेरचं, इतकंच ते होतं. सगळे कागद खरे निघाले, पण तोवर मुदत संपली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, अशी मी तेव्हा माझी समजूत घातली.

आता मुद्द्याचं सांगतो. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्या केंद्राला समुपदेशनाची पदविका मंजूर झाली. शाळांना समुपदेशक हवेत, दवाखान्यांना हवेत, आणि ते शिकवून तयार करणारं जिल्ह्यात कुणी नाही, म्हणून एक सहायक प्राध्यापक नेमायचा होता. अट एकच. प्रवेश सुरू होण्याआधी पद भरलं नाही, तर अभ्यासक्रम दुसऱ्या जिल्ह्याला जाणार.

मला त्या विषयाचाच संशय. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, याची पदविका? आमच्याकडे शेलूबाजारच्या स्टँडवर जीपची वाट बघत पाच मिनिटं उभे राहा, न विचारता चार जण सल्ला देतील आणि पाचवा त्या चौघांना वेड्यात काढील. केंद्राच्या संचालकांना मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "गावंडे, तिथं सगळे बोलतात. ऐकतं कोण?" मला ते पुस्तकी वाटलं आणि मी छाननीला बसलो.

शिक्षणाची अट पुरी करणारे दोनच अर्ज उरले. जाहिरातीत 'प्रत्यक्ष समुपदेशनाचा अनुभव, पुराव्यासह' असं होतं. ते 'पुराव्यासह' मीच घातलं होतं.

पहिला उमेदवार बाहेरच्या जिल्ह्यातला, इस्त्रीचे कपडे, बोलणं गोड. त्याची फाइल दोन्ही हातांनी उचलावी लागली. ज्यांचं समुपदेशन केलं त्या प्रत्येकाचं एक पान. नाव, गाव, फोन, फोटो, 'समस्या' असा रकाना, 'उपाय' असा रकाना आणि खाली सही. बारीक अक्षरातली अनुक्रमणिकासुद्धा होती. अख्ख्या नोकरीत इतका नेटका पुरावा माझ्याकडे आला नव्हता. मी पंधरा-वीस फोन लावून पाहिले. लागले. माणसं खरी होती. मी लिहिलं, 'अनुभव परिपूर्णरीत्या सिद्ध.'

दुसरी प्रज्ञा खिल्लारे. केनवडच्या बाजूची, तिशी ओलांडलेली. वडील शाळेत शिपाई होते. पोरीनं शिष्यवृत्तीवर एम. ए. केलेलं, विषयातली सेटही पास. गुण चांगले, कागद चोख. अनुभवाच्या जागी मात्र एक दोनशे पानी वही. आत तारीख, एक आकडा, किती वेळ बोलणं झालं, पुढची भेट केव्हा. बस. नाव एकाचंही नाही. वरून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच पेन, एकच शाई, एकसारखं अक्षर. चार वर्षांची वही अशी दिसत नाही. एका बैठकीत लिहिलेली वही अशी दिसते.

कागद तपासायला तिला बोलावलं तेव्हा मी वही उघडून पुढे सरकवली.

"यात नावं कुठी आहेत?"

"नावं नाही लिहीत सर. मी चिठ्ठ्यायवर टिपते. अर्जासाठी त्या साऱ्या या वहीत उतरवल्या अन फाडून टाकल्या."

"मंग मले कसं समजावं का हे खरे माणसं आहेत म्हणून? सतरा नंबर, एकवीस नंबर. हे तं दवाखान्यातल्या खाटांसारखं झालं."

ती हसली नाही. "नर्सताईचा दाखला जोडला ना सर. मी दर मंगळवारी त्यायच्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीत बसते. मी येते का नाही हे त्यायले इचारा, सरपंचाले इचारा. कोन आलतं, हे नका इचारू."

"काहून?"

"कोनी येनार नाही मंग."

'नका विचारू' हे शब्द ऐकले की माझे कान टवकारायचे. ज्यानं 'इथे बघू नका' म्हटलं त्यानं तिथेच काही दडवलेलं असतं, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. नर्सबाई तिच्या ओळखीच्या निघाल्या, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. संचालकांना सांगून मी प्रत्यक्ष पडताळणीची मंजुरी घेतली. प्रत्यक्ष पडताळणी म्हणजे अधीक्षकानं स्वतः जागेवर जाऊन खातरजमा करायची आणि छापील फॉर्मवर संबंधिताची सही आणायची.

मंगळवार मी मुद्दाम निवडला. एक झेरॉक्स अपुरी असल्याचं कारण काढून त्याच दिवशी सकाळी प्रज्ञाला केंद्रावर बोलावलं. ती वाशीमला अडकली म्हणजे गावात कुणाला पढवून ठेवणार नाही, असा हिशेब. झेरॉक्स अपुरी नव्हती. तिला बारा वाजेपर्यंत बाकावर बसवून ठेवा, असं मी शाखेत सांगून निघालो.

ती मंगळवारी बसायची ते गाव किन्हीराजापासून फार लांब नाही. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही.

केंद्राची जीप गावात शिरली तेव्हा नर्सबाई लसीकरणाला वस्तीवर गेलेल्या आणि दवाखान्याला कुलूप. समोर पानटपरी होती. बाकड्यावर चार-पाच जण बसलेले. मी उतरून रामराम घातला आणि विचारलं, इथे मंगळवारी एक मॅडम येतात, त्यांच्याकडे कोण कोण जातं?

बाकड्यावरच्या लोकांना सरकारी जीपमधून आलेला माणूस आणि असा प्रश्न एकाच वेळी मिळाला, मग काय. "येतात ना बाया, हाव," एकजण म्हणाला. "गोळ्या आनाले म्हनून येतात अन तासभर आतच बसतात. कायच्या गोळ्या असतीन बाप्पा." बाकीचे हसले. दुसऱ्यानं बोट दाखवलं. "शाळेमांगच्या घरची सून लय येते. तिले इचारा." मी माझ्या डायरीत घर टिपून घेतलं. टपरीवाल्यानं माझ्या ड्रायव्हरला विचारलं, काय भानगड आहे. ड्रायव्हर म्हणाला, चौकशी चालू आहे.

ते घर सापडलं. अंगणात पंचविशीतली एक बाई तूर पाखडत होती आणि ओट्यावर तिची सासू. मी फॉर्म काढला, नाव सांगितलं, विद्यापीठातून आलो म्हटलं, आणि विचारलं, "तुमी प्रज्ञा मॅडमकडे मंगळवारी बोलाले जाता ना? इथं एक सही पाहिजे."

सुपाचा आवाज थांबला. सासू ओट्यावरून म्हणाली, "कोन्ती म्याडम? थे तं गोळ्या आनाले जाते." मग सुनेकडे वळून म्हणाली, "काय बोलाले जातं वं तू? कोनाचं सांगतं तिथं?"

सून माझ्याकडे पाहत नव्हती. सुपातल्या तुरीकडे पाहत म्हणाली, "मी नाही ओळखत कोन्या म्याडमले."

मी फॉर्मवर लिहिलं : 'संबंधित व्यक्ती उमेदवारास ओळखत नसल्याचे सांगते.' सही मागितली. तिनं अंगठा केला. तिला सही येत होती की नाही, हे मी विचारलं नाही. परतीच्या वाटेवर मी खुशीत होतो, हे लपवून उपयोग नाही. टोपलीच्या तळाशी हात गेला आणि नासकं वांगं हाती लागलं, असंच मला वाटत होतं. शेलूबाजारला थांबून मी ड्रायव्हरला आणि मला भजी सांगितली.

मी तिला अपात्र करून टाकलं असतं. संचालक म्हणाले, दोनच अर्ज आहेत, एकटा उमेदवार ठेवला तर विद्यापीठ विचारील मुलाखत कुणाकुणाची घेतली, तेव्हा दोघांनाही बोलवा, तुमची टिपणी समितीसमोर ठेवू. समितीत ते, विद्यापीठाचे एक प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञ म्हणून बाहेरून आलेल्या एक वयस्क प्राध्यापक बाई. मी कागद पुढे करायला बाजूला बसलो होतो.

प्रज्ञा आधी आत आली. संचालकांनी टिपणी वाचून दाखवली आणि यावर तुमचं काय म्हणणं आहे, असं विचारलं. ती खुलासा करील, रडेल किंवा माझ्यावर घसरेल अशी माझी अपेक्षा होती. तिन्ही प्रकार मी पाहिले होते.

तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "सर, तुमी घरी गेलते?"

"हाव. प्रत्यक्ष पडताळणी असते."

"घरी अजून कोन होतं तवा?"

"तिची सासू होती."

"घर कोनं दाखवलं?"

मी म्हणालो, टपरीवरच्या लोकांनी. म्हणता म्हणताच माझा आवाज खाली आला. का, ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, पण आला.

प्रज्ञा उठली. "मले आत्ता जावं लागते," ती संचालकांना म्हणाली. ते म्हणाले, मुलाखत सोडून गेलात तर गैरहजर धरावं लागेल. "धरा सर," ती म्हणाली आणि गेली. वही टेबलावरच राहिली. खिडकीतून मी पाहिलं, ती फाटकाबाहेर जीप थांबवायला हात करत होती. चार दिवस झाले होते त्या मंगळवारला.

मग दुसरा उमेदवार आला. तज्ज्ञ बाईंनी त्याला काहीच विचारलं नाही, आधी फाइल उघडली. पानं उलटता उलटता एका पानावर थांबल्या. मी वाकून पाहिलं. नववीतल्या एका मुलीचा शाळेच्या गणवेशातला फोटो होता आणि 'समस्या' या रकान्यात तिच्या चुलत्याविषयी पाच ओळी होत्या.

"आम्ही हे वाचणार, हे या मुलीला माहीत आहे का?" बाईंनी विचारलं.

"सही आहे ना मॅडम खाली."

"सही कधी घेता?"

"आल्याबरोबर. आधी सही, मग बोलणं. आपली पद्धतच आहे."

बाईंनी फाइल मिटली आणि त्याला जायला सांगितलं. मग मला म्हणाल्या, "गावंडे, यावर शेरा तुमचा आहे ना? वाचा." मी वाचला. "आणि त्या वहीवरचा?" तोही वाचला. बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "उद्या तुमच्या घरातलं कुणी अडचणीत असेल, तर या दोघांपैकी कुणाकडे पाठवाल?"

उत्तर मला लगेच सुचलं, आणि ते माझ्या दोन्ही शेऱ्यांच्या उलटं होतं. ते पान मीही आधी वाचलं होतं. फोन नंबर बरोबर आहे का, एवढंच पाहिलं होतं. इतकी लाज मला नोकरीत आधी कधी वाटली नव्हती.

समिती चहा घेत, जेवत, वर्तमानपत्र चाळत दुपारभर बसून राहिली. बाई उठल्याच नाहीत, म्हणून बाकीच्यांना बसावं लागलं. चार वाजता प्रज्ञा वही न्यायला आली. चपला धुळीनं भरलेल्या, डोळे लाल. बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि एकच प्रश्न विचारला, "काय झालं तिकडे?"

"ते नाही सांगता येत मॅडम."

बाईंनी गुणपत्रिका ओढली आणि गुण लिहिले. नेमणुकीचा आदेश मी स्वतः टाइप केला. अभ्यासक्रम आमच्याकडेच राहिला. तिच्या हाताखालून गेलेली मुलंमुली आज जिल्ह्यातल्या शाळांत, दवाखान्यांत बसतात, आणि त्याचं थोडं श्रेय केंद्राचा माजी अधीक्षक म्हणून लोक मलाही देऊन टाकतात.

शाळेमागच्या घरातल्या त्या बाईचं पुढे काय झालं, हे मला ठाऊक नाही. प्रज्ञा रुजू झाली त्याच आठवड्यात मी विचारलं होतं. "सर, ते मी तुमाले सांगू शकत नाही," ती म्हणाली. रागानं नाही, सरळ. नर्सबाईंकडून एवढंच कळलं, की त्या मंगळवारानंतर बरेच महिने मागच्या खोलीत कुणी फिरकलं नाही. प्रज्ञा मात्र सुटी टाकून दर मंगळवारी जायची, खुर्ची मांडून तीन तास एकटी बसायची आणि परत यायची. तिच्या रजेच्या अर्जावर मी सही करायचो. कारण विचारायचा मला अधिकार होता, पण मी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर ती गोष्ट मला जास्तच छळू लागली. आधी वेळ जात नाही म्हणून असेल म्हटलं. मग जेवताना सुपाचा आवाज थांबल्यासारखं वाटायचं आणि मी ताटावरून उठायचो. बायकोला सांगितलं नाही, मुलाला तर नाहीच. शेवटी एक दिवस केंद्रावर जाऊन प्रज्ञाला म्हटलं, "मले त्या बाईची माफी मांगायची आहे. कुठी असते ती?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "सर, झोप लागते का तुमाले?"

मी म्हणालो, नाही.

"मंगळवारी गावाले या ना. आजकाल कोनी कोनी येऊन राह्यले पुन्हा. केंद्रावर नका बोलू, इथं तुमाले सगळे ओळखतात. तिथं बसू, तुमचंबी ऐकते."

दोन मंगळवार मी घालवले. तिसऱ्या मंगळवारी शेलूबाजारहून जीप धरली आणि गावात दवाखान्यासमोर उतरलो. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, आत खुर्चीची कड दिसत होती. पाच पावलांचा रस्ता. टपरीच्या बाकड्यावर तीन माणसं बसली होती आणि तिघंही माझ्याकडे पाहत होती. त्यातल्या एकानं मला ओळखलं असावं. तो सरकून बसला, बाकड्यावर जागा केली आणि म्हणाला, "या सायेब. म्याडमकडे आले काय?"

मी म्हणालो, "नाही बा. मी नाही ओळखत त्यायले." आणि परतीची जीप येईपर्यंत त्यांच्याच शेजारी बसून राहिलो.